चार बोटं

वाक जरा, वेइक्को. उभ्याने रूळ कळत नाही.
हातमोजा राहू दे, या थंडीत लोखंड
उघड्या बोटाचं कातडं ठेवून घेतं.
आता मोज. पुलावर रूळ किती?
चार.
आणि गाड्या?
एका वेळी एकच.
हस, पाहुणे सगळे इथेच हसतात.

डावीकडून पहिला नि तिसरा आपला.
दुसरा नि चौथा त्यांचा, स्वीडनचा.
एकाच कागदावर दोघांनी लिहिलेली पत्रं असावीत,
ओळीआड ओळ,
आणि दोघांनाही आपापलं वाचता यावं, तसं.
सांधा नाही. सरकणारी जीभ नाही, तरफ नाही,
रात्री कंदील घेऊन उठणारा सांधेवाला नाही.
फक्त दोन्ही टोकांना एक-एक फुली,
तिथे त्यांचा रूळ आपल्याला कापून जातो
आणि चाकाखाली निमिषभर
काहीच नसतं.
ऐक कधी तरी, कान देऊन. टक्.
एवढंच.

तू विचारशील, तीन रुळांत का नाही भागलं?
मीही विचारलं होतं, पहिल्याच हिवाळ्यात, यालमारला.
त्याने अंगठा मिटून पंजा माझ्यापुढे धरला.
"एवढाच फरक, ताइमी. चार बोटं."
त्यांची वाट आपल्याहून चार बोटं अरुंद.
हातभर असती तर एक रूळ सामाईक ठेवता आला असता,
दोन शेतांमधला बांध ठेवतात तसा.
पण रुळाची बैठकच चार बोटांहून रुंद,
दोघे शेजारी मांडी घालून बसणार कसे?
लांबच्यांचं तीन रुळांत निभतं.
जवळच्यांना चार लागतात.

हे तो उसासा टाकून बोलला असं समजू नकोस.
तोंडात पाव होता त्याच्या.

बावीस वर्षं आम्ही इथे, मधल्या खांबावर भेटलो.
तो हापारांडाहून चालत, मी तोर्नियोहून,
खांद्यावर आपापली मापपट्टी.
माझे बारा वाजलेले असायचे, त्याचे अकरा.
माझ्यासाठी तो रोज तासभर आधी जेवला.
नियमाबाहेरचं त्याने केलेलं
एवढं एकच काम मला माहीत आहे.

एका मार्चमध्ये फुलीच्या खाचेत बर्फ बसला,
काचेसारखा, आत खडा धरून.
फुली कुणाची? नियमावलीत नव्हतं.
दोन कचेऱ्यांनी वर्षभर एकमेकींना पत्रं लिहिली,
शिक्क्यांवर शिक्के,
आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून
त्याच्या पेचकसाने बर्फ खरवडत होतो.
पेचकस स्वीडनचा, खडा कुणाचा देव जाणे.
मालगाडी गेली. टक्.
त्याने टोपी काढून फुलीला सलाम ठोकला.
वेडा होता थोडा.

निवृत्तीच्या दिवशी त्याने त्याची पट्टी मला दिली.
मी आपल्या रुळांवर ठेवून पाहिली,
माहीत असूनही.
चार बोटं कमी.
आता ती माझ्या सौनाच्या खिडकीला टेकू आहे;
शनिवारी वाफ तिच्याखालून
नदीकडे निघून जाते, कुणाला न विचारता.
फेब्रुवारीत त्याच्या मुलीचा फोन आला.
मी त्या दिवशीही पूल चालले.
मधल्या खांबापाशी थांबले,
मग म्हटलं, उरलेलाही पाहून घ्यावा,
आणि पहिल्यांदाच त्यांच्या टोकापर्यंत
दुसरा नि चौथा तपासत गेले.
मापाला पट्टी नव्हती. डोळ्यांनीच.
ठीक होते. त्याचे रूळ कधी वाकडे नसत.

हं. तुझी पट्टी काढ आता.
एक पाय पहिल्यावर. दुसरा तिसऱ्यावर.
अरे, तो चौथा, तो त्यांचा!
सगळे आधी तिथेच चुकतात, मीही चुकले होते.

पलीकडे नवी मुलगी लागलीय म्हणे.
अकराला मधल्या खांबाशी पोहोचते,
म्हणजे तुझ्या बाराला.
डबा थोडा मोठा आण.